भाकरीचे सोबती

मार्गशीर्षातली अमावास्या आली की परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या बाजूला घरांना कुलपे लागतात आणि रानात माणसे दिसू लागतात. हा भाग लातूर जिल्ह्याला खेटून असल्याने लातूर-धाराशिवसारखीच इथेही वेळ अमावास्या, बोलीभाषेतली येळवस, शेतात साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, पूजा होते आणि मग पत्रावळीवर भज्जी येते. भज्जी म्हणजे तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, भिजवलेले शेंगदाणे, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची आणि लसणाची पात, गाजर, असे जे जे त्या दिवसांत शिवारात उभे असते ते सगळे एका पातेल्यात, चिंचेच्या कोळाने आंबट केलेले आणि ताकात कालवलेल्या बेसनाने घट्ट केलेले. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. शेवटी मडक्यातली अंबील, म्हणजे ज्वारीचे पीठ शिजवून ताकात घातलेले, रात्रभर आंबलेले आणि ठेचलेल्या लसणाचा वास असलेले. धान्य, तीन-चार प्रकारची कडधान्ये, पालेभाजी, तेलबिया आणि आंबवलेले ताक हे सगळे एकाच जेवणात येते. समतोल आहाराचे तक्ते जे सांगतात ते या एका दिवशी वजनकाट्याशिवाय जमून जाते.

उरलेल्या वर्षभरात ताटात काय असते, हा खरा प्रश्न. भाकरी असते. काही घरांत चपाती, काही घरांत रेशनच्या तांदळाचा भात. पण भाकरीभोवती जी गर्दी येळवशीला दिसते ती एरवी विरळ होत गेली आहे. पातळ वरण किंवा बटाट्याचा रस्सा, थोडा ठेचा, संध्याकाळी चहासोबत बिस्किटे किंवा खारी, एवढ्यावर दिवस निघतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरीचे पोषणमूल्य पुन्हा चर्चेत आले, ते चांगलेच झाले. पण त्या चर्चेतून एक गैरसमजही पसरला. धान्य बदलले की प्रकृती सुधारते, असे लोकांना वाटू लागले. मला हे पटत नाही. रोजच्या अन्नातून आरोग्य हवे असेल तर कोणते धान्य खायचे हा दुसरा प्रश्न आहे. त्या धान्यासोबत काय खातो आणि ते धान्य किती खातो, हा पहिला.

आधी ज्वारीचे माप प्रामाणिकपणे घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने, सुमारे 10 ग्रॅम तंतू आणि 4 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. आता गिरणीतून दळून आणलेल्या, न चाळलेल्या गव्हाच्या कणकेचे आकडे पाहिले तर ते जवळपास तेवढेच आहेत. म्हणजे घरच्या कणकेची चपाती सोडून भाकरी खाल्ली म्हणून फार मोठा फरक पडणार नाही. फरक पडतो तो मैद्याशी आणि पॉलिश केलेल्या तांदळाशी तुलना केल्यावर. दोन्हींत तंतू 3 ग्रॅमपेक्षा कमी, आणि पॉलिशच्या तांदळात लोह 1 मिलिग्रॅमही नाही. ज्वारीची खरी ताकद अशी की गावच्या गिरणीत ती सबंध दळली जाते, कोंड्यासकट. शिवाय तिला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने पीठ उकळत्या पाण्यात मळावे लागते, तेव्हा कुठे स्टार्च फुगून ते एकमेकांना धरते. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे एकमेकांना धरून राहण्याची ताकद, जाते आणि भाकरी थापतानाच कडेने चिरते. म्हणून घरात दळण थोडे आणि ताजे असते. ज्या पिठाला महिनोन्महिने पाकिटात टिकायचे नाही, त्यातून काही काढून टाकण्याची गरजही पडत नाही.

पण फक्त ज्वारीवर जगणाऱ्या माणसाचे काय होते, हेही याच दख्खनच्या पठाराने पाहिले आहे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता त्याच प्रदेशात, ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब कष्टकऱ्यांमध्ये, पेलाग्रा नावाचा आजार आढळे. उन्हाला उघडी राहणारी कातडी, म्हणजे हात, मान, पायांची पावले, काळी पडून सोलवटायची, हगवण लागायची आणि पुढे मनावरही परिणाम व्हायचा. हा आजार नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा. मका खाणाऱ्यांत तो जगभर माहीत होता. ज्वारी खाणाऱ्यांत तो का व्हावा, याचा शोध हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी घेतला. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल इतर घटकांच्या मानाने फार जास्त आहे आणि त्याचा नायसिनच्या निर्मितीत अडथळा होतो, असा विचार त्यांनी 1960 मध्ये मांडला. या कारणमीमांसेवर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले, पण मूळ निरीक्षणाला धक्का लागला नाही. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय जवळपास काहीच नव्हते त्यांना हा रोग गाठत होता. दूध, डाळ, शेंगदाणे, थोडे मांस ज्यांना मिळे ते तीच ज्वारी खाऊन ठणठणीत असत.

याच्या जोडीला लायसिनची उणीव आहे. लायसिन शरीराला स्वतः बनवता येत नाही आणि ज्वारीत ते फार कमी. तुरीच्या डाळीच्या प्रथिनांत ते जवळजवळ तिप्पट. उलट डाळीत जे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी पडते ते धान्य पुरवते. म्हणून भाकरी आणि वरण यांची बेरीज दोघांच्या वेगवेगळ्या किमतीपेक्षा मोठी होते. ज्वारीची आणखी एक अडचण अशी की पाण्यात शिजवल्यावर तिची प्रथिने आतड्याला पचवायला अधिक कठीण होतात. आंबवल्याने हा दोष बराच कमी होतो आणि लोह-जस्त अडवून धरणारे फायटेटही घटते. ताकात रात्र काढलेली अंबील नेमके हेच काम करते. अशा जोड्या कुणी प्रयोगशाळेत ठरवल्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या पोटाला जे मानवले ते टिकले. जुने म्हणून ते बरोबर असे मी मानत नाही. इथे मात्र तपासल्यावरही ते बरोबर निघते.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. भाकरीने साखर आटोक्यात राहते, असे सर्रास सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीने 2023 मध्ये देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीत 1 लाख 21 हजारांवर प्रौढांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे 62 टक्के वाटा पिष्टमय पदार्थांतून येतो आणि प्रथिनांचा वाटा 12 टक्क्यांच्या जवळ अडकतो. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे सबंध पीठ किंवा भरडधान्य आणले, पण एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. मात्र दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी 5 टक्के वाटा पिष्टमय पदार्थांकडून डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतल्या प्रथिनांकडे वळला तर धोका घटलेला दिसला. भरडधान्यांच्या समर्थकांना हा निष्कर्ष कडू वाटेल. मला तो माझ्या म्हणण्याचाच सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. पाच चपात्यांच्या जागी पाच भाकरी हा उपाय नव्हे. पाचाच्या तीन आणि वाटीभर मटकी, हा उपाय.

प्रमाणाचा हिशेब राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दिला आहे. दिवसाला 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, तेलबिया आणि कठीण कवचाची फळे मिळून 35 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर आणि तेल-तूप अवघे 27 ग्रॅम. हे आपल्या भांड्यांत ओतून पाहू. एका भाकरीला साठेक ग्रॅम पीठ धरले तर 250 ग्रॅम म्हणजे दिवसभरात चार भाकरी, आणि त्यात भात आला तर भाकरी तेवढी कमी. कोरडी 30 ग्रॅम डाळ शिजवली की एक वाटी घट्ट वरण होते, म्हणजे 85 ग्रॅमला जवळपास तीन वाट्या लागतील. आपल्याकडे पाच माणसांच्या घरात मूठभर डाळीचे पातेलेभर वरण होते आणि प्रत्येकाच्या वाटीत पिवळे पाणी येते. डाळ खाल्ल्याचे समाधान मिळते, डाळ पोटात जात नाही. ऊस तोडणाऱ्या किंवा रोज खुरपणाला जाणाऱ्या माणसाला उष्मांक कितीतरी जास्त लागतात, त्याने चार भाकरींवर थांबण्याचे कारण नाही. पण भाकरी वाढतात तशी डाळ वाढत नाही, हे कष्टाच्या घरातलेच दुखणे आहे. आणि जो आता मोटारसायकलवर शेतात जाऊन बांधावरून परत येतो, त्याच्या ताटात मात्र आजोबांच्या कष्टाच्या भाकरी तशाच राहिल्या आहेत.

भाकरीचे हे सोबती गेले कुठे? स्वयंपाकघरातून जाण्याआधी ते शेतातून गेले. ज्वारीच्या, कापसाच्या रानात तुरीचे तास असत, तुरीत मूग-मटकी, कडेला अंबाडी, कुठे कारळ, कुठे तीळ. रब्बीत ज्वारीसोबत करडई आणि जवस. त्या शेतातून घरात फक्त धान्य येत नव्हते. अंबाडीचा पाला भाजीला, करडईचा कोवळा पाला भाजीला, करडईचे तेल फोडणीला, कारळाची आणि जवसाची चटणी भाकरीला. करडईच्या तेलात शरीराला आवश्यक असलेले लिनोलिक आम्ल भरपूर आणि जवसाच्या तेलात ओमेगा-3 गटातले आम्ल निम्म्याहून जास्त असते, जे आपल्या शाकाहारी जेवणात दुसरीकडे फारसे मिळत नाही. मग सोयाबीन आले. ते लवकर निघते, बाजार हमखास असतो, मजुरी कमी लागते. करडईच्या काट्यांत हात घालायला मजूर मिळेनात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने बिनकाट्याचा वाणही दिला, तरी क्षेत्र हटतच गेले. शेतकऱ्याला यात दोष देण्यासारखे काही नाही, कोरडवाहू माणूस हिशेब चुकू देऊ शकत नाही. पण परिणाम असा की घरची करडई गेली आणि पाकिटातले तेल आले. तुरीतली मटकी गेली आणि मटकी किराण्याच्या दुकानात गेली. जे विकत आणायचे ते आधी कमी होते.

रोजचे धान्य बदलण्यात 1972 च्या दुष्काळाचाही वाटा आहे. त्या वर्षी मराठवाड्याने अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ कायमचे आले. एकेकाळी या भागात पोळी सणाची आणि पाहुण्याची. रोज पोळी खाणे हे बरे दिवस आल्याचे लक्षण झाले आणि भाकरी मागे पडली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचेही नाव आहे, पण कायद्यात डाळ नाही. पोटे भरण्याचे मोठे काम त्या कायद्याने केले. मात्र देशाने ज्या अन्नाची हमी दिली त्यात पिष्टच जास्त, हे इंडियाबच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

आता लोहाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्वारी-बाजरीत लोह आहे, मग असे का? धान्यातले लोह असणे आणि ते रक्तात पोचणे यांत अंतर आहे. कोंड्यातले फायटेट ते धरून ठेवते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा उरलेले अडवतो. भाकरी आणि चहा ही न्याहारी मराठवाड्यात घरोघर आहे. पोट भरते, लोह वाया जाते. हाच चहा तासाभराने घेतला आणि भाकरीवर लिंबू पिळलेली मटकीची उसळ आली तर हिशेब उलटा फिरतो, कारण क जीवनसत्त्व वनस्पतींतले लोह सोडवून घेते. मोड आणल्याने फायटेट कमी होते आणि थोडे क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. हिरव्या मिरचीत, पेरूत, आवळ्यात ते भरपूर आहे. मिरचीचा ठेचा या अर्थाने नुसता चवीचा पदार्थ नाही, फक्त त्यातल्या मिठावर हात आखडता हवा, कारण दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत राहावे असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच सूचना सांगतात. लोखंडी तव्यावर आणि कढईत शिजवलेल्या अन्नात, विशेषतः आंबट भाजीत, थोडे लोह उतरते. त्या कढईची जागा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याने आणि नॉनस्टिक तव्याने घेतली, तेव्हा हा वाटाही गेला.

धान्य सुधारून काही साधते का? साधते, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. अधिक लोहाची धनशक्ती ही बाजरी 2012 मध्ये राज्यात प्रसारित झाली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या 12 ते 16 वयाच्या 246 शाळकरी मुलामुलींना काही महिने अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन नेहमीच्या बाजरीशी तुलना करण्यात आली. सुरुवातीला लोह कमी असलेल्या मुलांपैकी लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दीडपटीहून जास्त ठरली. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वारीत असे काम परभणीच्याच विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या साह्याने केले. 2018 मध्ये आलेली परभणी शक्ती ही देशातली पहिली जैवसंपृक्त ज्वारी, तिच्या किलोभर दाण्यात साधारण 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असते. म्हणजे बियाणे शेजारच्या जिल्ह्यात तयार झालेले आहे.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. 2024-25 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये ठरला, तर 2025-26 च्या खरेदी हंगामासाठी गव्हाचा 2425. गरिबांचे म्हटले जाणारे धान्य आता गव्हापेक्षा महाग आहे. क्षेत्र घटले, काढणी अंगमेहनतीची, त्याचा हा परिणाम. शहरात ज्यांना परवडते ते ज्वारी घेतील. पण ज्या घरात रेशनचा गहू येतो त्यांना गहू सोडून ज्वारी विकत घ्या असे सांगणे अन्यायाचे होईल, आणि वरचे आकडे पाहता त्याची गरजही नाही. चक्कीवर दळलेला गहू चाळू नये, कोंडा टाकू नये, आणि जो पैसा महागड्या धान्यावर जाणार तो मटकी, हुलगे, हरभरा, शेंगदाणे यांच्यावर जावा. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे पूर्वी गरिबीची खूण समजली जात, आज किलोमागे प्रथिनांचा हिशेब केला तर ते स्वस्तात पडतात. ज्वारीची बिस्किटे आणि पाकिटबंद कुरकुरीत पदार्थ यांच्यासाठी तर पैसे वेगळे काढण्याचे कारणच नाही. वेष्टनावर ज्वारी मोठ्या अक्षरांत असते, साखर, मैदा आणि तेल मागच्या बाजूला बारीक अक्षरांत.

वेळेचा प्रश्न याहून अवघड. भाकरी थापणे, पाला निवडणे, कडधान्य भिजवून बांधून ठेवणे, हे सगळे एका बाईच्या हातून होते, आणि बीड जिल्ह्यात ती बाई दिवाळीनंतर पाच-सहा महिने नवऱ्याबरोबर कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, होऊन साखर कारखान्यांच्या फडात असते. पहाटे अंधारात चूल पेटते, दिवसभराच्या भाकरी एकदम होतात, त्यावर कोरडी चटणी. भाज्यांच्या 400 ग्रॅमची गोष्ट तिथे कुणी करू नये. पण त्या कोरड्या चटणीत काय असावे, हे ठरवता येते. लाल तिखट आणि मिठाऐवजी शेंगदाणे, जवस, कारळ किंवा तीळ यांची चटणी झाली तर तीच भाकरी प्रथिने आणि चांगला स्निग्ध पदार्थ घेऊन पोटात जाते. शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिने असतात. ही चटणी गावाहून निघतानाच डबाभर करून नेता येते आणि ती लवकर खराब होत नाही.

आणि सोयाबीन. धर्मापुरीच्या शिवारात पोत्यांनी निघणारे, ज्यात 35 ते 40 टक्के प्रथिने असतात ते पीक आडतीवर जाते आणि घरात मुठीनेही शिजत नाही. कच्चे सोयाबीन पचनात अडथळा आणते, म्हणून ते चांगले भाजून घ्यावे लागते, एवढेच पथ्य. खानदेशात ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी होते, रंगाने काळपट, चवीला खमंग. म्हणजे भाकरीतच डाळ घालायची ही युक्ती मराठी स्वयंपाकाला नवी नाही. नऊ वाट्या ज्वारी किंवा गहू आणि एक वाटी भाजलेले सोयाबीन किंवा उडीद, असे दळण डब्यात भरायचे. गिरणीवाला दळणाचे पैसे वजनावर घेतो, ते तेवढेच राहतात. भाकरी थापणाऱ्या हाताला पीठ किंचित जड लागते, पाणी थोडे जास्त लागते, आणि तव्यावर ती नेहमीसारखीच फुगते.